लहानपणी सायकल होती का?

प्रश्न अगदी साधा असतो. ‘लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का?’ हाच प्रश्न कुणी दखनीत विचारला, तर आमच्यातली प्रत्येकजण चहा थंड होईपर्यंत बोलत राहील. सायकल कुणाची होती, कुठल्या उतारावर ब्रेक लागला नाही, गुडघा कुठे फुटला, घरी येऊन काय थाप मारली, सगळं. इंग्रजीत विचारला की ‘येस, आय हॅड अ सायकल’ एवढं एक वाक्य येतं आणि पुढे सामसूम.

आम्ही चौघी मिरजेत एकाच गल्लीत राहतो. एक सात वर्षं स्टाफ नर्स आहे, ब्रिटनमधल्या रुग्णालयात नोकरी मिळवायची तिची खटपट चालू होती. तिची खालाजाद बहीण बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला आम्ही धाकटी म्हणतो. तिसरीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. नवरा लेस्टरला गोदामात कामाला. त्याच्याकडे जायचं, तर व्हिसासाठी इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची परीक्षा पास होणं भाग, म्हणून ती आमची लेस्टरवाली. चौथ्या आमच्या खाला. त्या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. त्यांना कुठेही जायचं नाही, पण व्याकरण पक्कं आहे आणि प्रश्न विचारतानाचा आवाज असा, की खरा परीक्षक त्यापुढे मवाळ वाटावा. मगरिबनंतर तासभर आम्ही त्यांच्या पुढच्या खोलीत बसतो. घरात दखनी, शाळेत मराठी आणि परीक्षा इंग्रजीत, असा आमचा सगळ्यांचा प्रवास. मधल्या दोन भाषा ओलांडून तिसरीत पोचायला जो वेळ लागतो, तो परीक्षेत मिळत नाही.

ज्या घरांत अजून ही परीक्षा आलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आयईएलटीएस, बोलताना सगळे ‘आयल्ट्स’ म्हणतात ती. तिच्यातली बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. समोर परीक्षक, मध्ये रेकॉर्डिंगचं यंत्र. पहिल्या भागात घर, काम, शिक्षण आणि रोजच्या आयुष्यातले साधे प्रश्न. सायकल इथलीच. दुसऱ्या भागात हातात एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि टिपणं काढायला मिळतं, मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. तिसऱ्या भागात त्याच विषयावर जरा मोठी चर्चा. गुण चार गोष्टींना सारखेच असतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेला नोंदणीसाठी बोलणं, ऐकणं आणि वाचन या तिन्हींत ७ लागतात, लेखनात ६.५ चालतात. आमच्या नर्सला पहिल्या वेळी बोलण्यातच ६.५ मिळाले होते. गुण नेमके कशात गेले ते कुणी कळवत नाही, फक्त आकडा येतो. पुन्हा बसायचं तर पुन्हा फी, आणि ती फी म्हणजे तिच्या पगाराचा मोठा तुकडा.

तिने एका क्लासची चोपडी आणून खालांसमोर ठेवली. पन्नास विषय, पन्नास तयार उत्तरं. सायकलचं उत्तर असं होतं: ‘येस, आय हॅड अ ब्युटिफुल रेड बायसिकल विच वॉज प्रेझेंटेड टू मी बाय माय बिलव्हेड फादर ऑन माय टेन्थ बर्थडे. आय युज्ड टू राइड इट इन द पार्क विथ माय फ्रेंड्स. सायक्लिंग इज अ बून टू अवर हेल्थ ॲज वेल ॲज द एन्व्हायर्नमेंट.’

खालांनी चष्मा वर केला. ‘दहावा वाढदिवस? तुमच्या घरात वाढदिवस कधी केला गं?’

नाहीच केला. आणि गल्लीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर पार्कही नव्हता. होता तो कब्रस्तानाच्या भिंतीलगतचा मोकळा पट्टा, जिथे सगळी गल्ली सायकल शिकली.

धाकटीचं म्हणणं होतं, परीक्षक काय चौकशीला येणार आहे? तो खरं-खोटं बघत नाही, भाषा बघतो. हे खरंच आहे. तिथे गुण सत्याला नसतात. खोटं बोलणं योग्य की नाही, हा प्रश्न खालांनी त्या दिवशी बाजूला ठेवला. त्यावर त्यांचं मत काय असणार ते आम्हाला माहीत होतंच. त्यांनी फक्त पुढचा प्रश्न विचारला, ‘मग त्या लाल सायकलचं पुढे काय झालं?’ वाचून दाखवणारी थांबली. चोपडीत पुढचं नव्हतं. न घडलेल्या गोष्टीबद्दल दुसरा प्रश्न आला की आधी गोष्ट बनवावी लागते, मग तिचं इंग्रजी करावं लागतं. एकाच वेळी दोन कामं. घडलेली गोष्ट असेल तर एकच काम उरतं. शिवाय पाठ केलेलं बोलणं लगेच ओळखू येतं. आवाज सपाट होतो, डोळे वर जातात आणि ‘बिलव्हेड फादर’सारखे शब्द येतात, जे कुणी आपल्या अब्बांबद्दल बोलताना वापरत नाही. परीक्षक हे बोलणं दिवसातून किती वेळा ऐकत असतील!

चोपडी बंद झाली आणि आम्ही आपापल्या सायकली बाहेर काढल्या.

पहिली अडचण शब्दांची. आणि गंमत म्हणजे सायकलचे सगळे शब्द आपल्याकडे इंग्रजीच आहेत, फक्त ते इथे येऊन आपले झाले आहेत. हँडल, पायडल, ब्रेक, चेन, मडगार्ड, पंक्चर हे तसेच चालतात. मात्र ‘सीट’ला ‘सॅडल’ म्हटलं तर बरं. जिच्यावर लहान भावंडाला बसवतात ती दांडी म्हणजे ‘क्रॉसबार’. लहान मुलांच्या सायकलला मागे दोन छोटी चाकं लावतात, त्यांना ब्रिटनमध्ये ‘स्टॅबिलायझर्स’ म्हणतात. ‘डबलसीट’ हा आपला शब्द, तो तिथे कळेलच असं नाही. त्याऐवजी ‘माय ब्रदर गेव्ह मी अ लिफ्ट ऑन द बॅक’ असं सरळ सांगावं. खुद्द ‘सायकल’ हा शब्द चुकीचा नाही, पण तिकडची माणसं बोलताना ‘बाइक’ म्हणतात. आपल्याकडे बाइक म्हटलं की मोटारसायकल डोळ्यांसमोर येते, त्यामुळे हा शब्द तोंडात बसायलाच आठवडा गेला. आणि ‘बायसिकल’ म्हणायचं. ‘बाय-सायकल’ नाही.

मग क्रियापदं. मराठीत सायकल चालवतात, रिक्षा चालवतात, घरही चालवतात. दखनीत तर ‘चलाना’ एकच. म्हणून आमच्या तोंडून पहिल्यांदा ‘आय वॉज ड्रायव्हिंग सायकल’ निघालं. सायकल ‘राइड’ करतात. सायकलवरून पडलो तर ‘फेल ऑफ’. चेन उतरली तर ‘द चेन केम ऑफ’. गुडघा खरचटला तर ‘आय ग्रेझ्ड माय नी’. हे तीन शब्दप्रयोग एवढेसे आहेत, पण यांना ऐकणाऱ्याच्या कानात वजन आहे. ‘बून टू द एन्व्हायर्नमेंट’ला नाही. चोपडीतले भारी शब्द भारी वाटतात ते आपल्यालाच.

काळाचं व्याकरण खालांनी एका संध्याकाळीत उरकलं, म्हणजे त्यांनी उरकलं, आम्हाला पंधरा दिवस लागले. जे एकदाच घडलं त्याला साधा भूतकाळ: ‘आय फेल ऑफ’, ‘ही बॉट’, ‘वी सोल्ड इट’. जे नेहमी घडायचं आणि आता घडत नाही, त्याला ‘युज्ड टू’ किंवा ‘वुड’. मराठीत ‘जायचो’, ‘करायचो’ म्हणतो, तेच. ‘आय वॉज हॅविंग अ सायकल’ हे आपलं लाडकं वाक्य मात्र सोडून द्यायचं. आणि ‘माय ब्रदर, ही वॉज’ अशी दुहेरी हाकही नको. यापलीकडे व्याकरणाचा बाऊ खालांनी करू दिला नाही. त्यांचं म्हणणं, सायकलची गोष्ट नीट क्रमाने सांगितलीत तर काळ आपोआप जागेवर बसतात. ते पूर्ण खरं नाही. पण निम्मं नक्की खरं आहे.

आमच्या नर्सची खरी सायकल तिची नव्हतीच. तिचे अब्बा बेकरीतला पाव दुकानादुकानांत पोचवायचे. काळी, उंच, चोवीस इंची सायकल, मागच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधायला साखळी. ती सायकल दिवसभर रोजीला जुंपलेली. असर ते मगरिब एवढीच वेळ तिची. सीटवर बसलं तर पाय पोचायचे नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून हाफ पायडल. एका बाजूला लोंबकळत, अर्धा फेरा खाली, अर्धा वर. आपल्या पिढीच्या अर्ध्या महाराष्ट्राने सायकल अशीच शिकली असेल. हे सगळं इंग्रजीत कसं सांगायचं? हाफ पायडलला तिथे शब्दच नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो. खाला म्हणाल्या, शब्द नसेल तर काय केलंस ते सांग. मग हे तयार झालं: ‘नॉट माय ओन, नो. माय फादर हॅड अ बिग ब्लॅक वन फॉर डिलिव्हरिंग ब्रेड. इन द इव्हिनिंग, व्हेन ही केम होम, आय वुड टेक इट आउट. आय कुडन्ट रीच द सॅडल, सो आय रोड विथ वन लेग अंडर द क्रॉसबार.’

चार वाक्यं. एकही शब्द असा नाही जो दहावीच्या पुस्तकात सापडणार नाही, ‘क्रॉसबार’ सोडला तर. पण ऐकणाऱ्याला ती मुलगी दिसते. आणि सांगणारी अडखळत नाही, कारण तिला आठवायचं नसतं, तिला दिसतच असतं.

ईदीचंही असंच झालं. ईदच्या दिवशी मिळालेली ईदी घेऊन आम्ही सगळ्या स्टेशनकडच्या सायकलवाल्याकडे पळायचो, ताशी भाड्याने सायकल घ्यायला. नाव लिहून घ्यायचा, वेळ लिहून घ्यायचा आणि पाच मिनिटं उशीर झाला तरी पुढच्या तासाचे पैसे लावायचा. रमजान ईदची शीरखुर्मा पिऊन झाली, की गल्लीतली निम्मी मुलं त्या दुकानासमोर रांगेत. आता ‘ईदी’ला इंग्रजीत काय म्हणणार? ‘गिफ्ट’ म्हटलं तर वस्तू वाटते, ‘पॉकेट मनी’ म्हटलं तर दर महिन्याचं वाटतं. मग ते उलगडून सांगायचं: ‘ऑन ईद, अवर एल्डर्स गिव्ह अस अ लिटल मनी. आय स्पेंट ऑल ऑफ माइन ऑन हायरिंग अ बाइक बाय द अवर.’ नेमका शब्द नसताना अर्थ उलगडून सांगता येणं, हे शब्दसंपत्तीच्या गुणांमध्ये मोजलं जातं. म्हणजे जे आपल्या घरातलं आणि म्हणून अवघड वाटतं, त्याचाच तिथे उपयोग होतो. क्लासच्या चोपडीतली मुलगी पार्कात लाल सायकल फिरवत राहिली, तिला कधी ईदी उलगडून सांगायची वेळच आली नाही.

खाला आयुष्यात सायकल चालवायला शिकल्या नाहीत. आम्हाला वाटत होतं, अशा उमेदवाराने काय करावं? ‘नो’ म्हणून गप्प बसावं की खोटी सायकल घ्यावी? त्यांनी स्वतःचं उत्तर करून दाखवलं: ‘नो, आय नेव्हर लर्न्ड टू राइड. बट आय ग्र्यू अप ऑन द बॅक ऑफ माय फादर्स बाइक.’ आणि मग त्या बोलतच सुटल्या, अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या दखनीत. कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसायचं, एका हाताने अब्बांच्या शर्टाचं टोक, दुसऱ्या हातात ओढणी गोळा करून. एकदा ओढणी मागच्या चाकाच्या तारांत अडकली, तेव्हा अब्बांनी रस्त्यातच सायकल उलटी करून ती सोडवली. ओढणी काळी झाली, फाटली नाही. घरी अम्मी काय म्हणतील या धास्तीने दोघांनी ती बाहेरच्या नळावर धुतली. ‘नाही’ हे उत्तर वाईट नसतं, एवढं त्या दिवशी लेस्टरवालीलाही पटलं. तीही सायकल शिकलेली नाही.

तिची परीक्षा वेगळी आणि सोपी. ए-वन पातळीची लाइफ स्किल्स परीक्षा. समोर परीक्षक आणि सोबत आणखी एक परीक्षार्थी, पंधरा-वीस मिनिटांचं काम, गुण नाहीत, फक्त पास किंवा नापास. तिला लांब उत्तरांची गरज नव्हती, समोरच्याला प्रश्न विचारता येण्याची होती. बोलणाऱ्या बाईने फक्त उत्तरं द्यायची आणि प्रश्न पुरुषाने विचारायचे, अशी सवय ज्या घरात असते, तिथून आलेल्या मुलीला हे वाटतं त्यापेक्षा जड जातं. ती रोज आम्हाला एकेक प्रश्न विचारायची. ‘डू यू राइड अ बाइक?’ ‘इज युवर स्कूल फार?’ तिचा नवरा लेस्टरला सायकलनेच कामावर जातो, थंडीत अंधारात निघतो, दिवे लावून. तिचं एकच मोठं वाक्य होतं: ‘माय हजबंड गोज टू वर्क बाय बाइक.’ ते ती इतक्या सावकाश आणि स्वच्छ म्हणायची, की दुरुस्त करायला कुणाचा जीव व्हायचा नाही. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

ज्यावर आमची खरी वादावादी झाली, ते धाकटीचं उत्तर.

तिच्याकडे स्वतःची सायकल होती. लेडीबर्ड, पुढे जाळीची टोपली. चौथीत घेतलेली, सातवीपर्यंत चालवलेली. मग दादी म्हणाल्या, आता मुलगी मोठी झाली. सायकल जिन्याखाली गेली. यावर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘डू यू स्टिल राइड? व्हाय नॉट?’

ती म्हणाली, ‘सांगते की अभ्यास वाढला.’

आमच्या नर्सने मान डोलावली. परक्या माणसापुढे दादीची तक्रार कशाला? लेस्टरवालीची भीती वेगळी होती. तो मनात म्हणणार, बघा, मुसलमानांच्यात असंच असतं, मुलींना कोंडून ठेवतात. गुण देताना नसेल, पण मनात. त्याच्या मनातल्या गोष्टीला आपण आयतं खत घालायचं? आम्हा सगळ्यांना ही भीती ओळखीची आहे. घरात एखादी गोष्ट खटकत असली तरी बाहेर बोलताना जीभ आवरते, कारण बाहेरचा माणूस ती दादीची गोष्ट म्हणून ऐकत नाही, कौमची गोष्ट म्हणून ऐकतो. या भीतीपायी आपण किती गोष्टी सांगायच्याच सोडून देतो, आणि न सांगितल्यामुळे त्या घरातही तशाच राहतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

खालांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, समोरच्या पाटलांच्या घरातली मुलगी आठवते? तिचीही सायकल त्याच वर्षी माळ्यावर गेली. त्यांच्याकडे दादी नव्हती, आजी होती. तेव्हा ‘आमच्यात’ म्हणायच्या आधी गल्ली बघा. आणि दुसरं, गोष्ट तिथे संपली का?

नव्हती संपली. सात वर्षांनी धाकटीची लहान बहीण अकरावीला गेली. कॉलेज रेल्वेलाइनच्या पलीकडे, रिक्षाचा रोजचा खर्च परवडेना. जिन्याखालची तीच सायकल बाहेर निघाली. टायर पार चिरलेले. आणि नव्या टायर-ट्यूबचे पैसे दादींनी दिले, आपल्या बटव्यातून. का दिले, काय बदललं, हे त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बहीण बुरख्याची कड क्लिपने वर अडकवून सायकलने कॉलेजला जाते.

‘मग हे सगळं सांग,’ खाला म्हणाल्या. ‘अर्धं सांगितलंस तर तक्रार होते. पूर्ण सांगितलंस तर घर होतं.’

उत्तर असं उतरलं: ‘आय स्टॉप्ड राइडिंग व्हेन आय वॉज थर्टीन, बिकॉज माय ग्रँडमदर थॉट आय वॉज टू ओल्ड फॉर इट. सेव्हन इयर्स लेटर, शी पेड फॉर न्यू टायर्स सो दॅट माय सिस्टर कुड राइड द सेम बाइक टू कॉलेज.’ व्याकरणाच्या बाजूने बघितलं तरी ते आमच्या सगळ्या उत्तरांत उजवं आहे. कारण, काळ, उद्देश, सगळं दोन वाक्यांत आहे. पण धाकटीला ते म्हणताना पहिले चार दिवस दुसऱ्या वाक्याशी येऊन गळा दाटायचा. आपली सायकल गेली आणि बहिणीला मिळाली, हे तिने याआधी कुठल्याच भाषेत मोठ्याने म्हटलं नव्हतं. आम्ही तिला तेवढा वेळ थांबू दिलं. पाचव्या दिवशी ती न थांबता बोलली.

तिसऱ्या भागातली चर्चा याच धाग्याने सोपी झाली. ‘सायकलमुळे समाजात बदल होतो का?’ अशा प्रश्नाला पर्यावरण, आरोग्य, वाहतूककोंडी अशी तिहेरी जपमाळ ओढण्यापेक्षा एखादं उदाहरण हाताशी असावं. आमच्याकडे दोन आहेत. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदीच्या सुरुवातीला साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांनी सायकल शिकण्याची मोहीम चालली. हजारो ग्रामीण बायका सायकलवर आल्या, त्यांत मुसलमान घरांतल्या तरुण मुलीही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. दुसरं बिहारचं. तिथे २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली आणि पुढे अभ्यासकांनी मोजून पाहिलं, तर हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुलींची संख्या वाढली होती. हायस्कूल लांब असलेल्या गावांत हा फरक जास्त दिसला. म्हणजे अंतर हेच कारण होतं. धाकटीने हे ऐकलं आणि म्हणाली, ‘आमच्या घरात पण रिक्षाचं भाडंच कारण होतं.’ असं उत्तर परीक्षेत दिलं तर त्याला चर्चा म्हणतात.

या सगळ्यात आमची सर्वात उपयोगी वस्तू कुठली म्हणाल, तर फोनमधलं रेकॉर्डिंग. स्वतःचा आवाज ऐकायला सुरुवातीला लाज वाटते. पण ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपण एकाच ‘व’मध्ये कसे गुंडाळतो, ते दुसऱ्याने सांगून कळत नाही. ‘व्हेरी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, ‘वेट’ म्हणताना ओठ गोल. उच्चार साहेबासारखा करायची गरज नाही, आपला मिरजेचा सूर राहिला तरी गुण जात नाहीत. समजायला त्रास झाला तर जातात.

लेस्टरवाली पास झाली आणि गेलीसुद्धा. तिचा फोन येतो. सायकल शिकतेय म्हणाली, नवऱ्याच्या सायकलवर, रविवारी, मोकळ्या पार्किंगमध्ये. नर्सची परीक्षा पुण्याला झाली. सायकलचा प्रश्न आलाच नाही! पाऊस आणि शेजारी, हे तिचे विषय होते. तिने शेजारी म्हणून खालांचं वर्णन केलं आणि पावसात अब्बा पावाची पेटी ताडपत्रीने कशी झाकायचे ते सांगितलं. बोलण्यात ७ आले. लेखनात या वेळी ६ आले, त्यामुळे अजून एक फेरी आहे, आणि त्या विषयात खालांची लाल पेन्सिल आमच्यावर आधीच फिरायला लागली आहे.

धाकटीची तारीख पुढच्या महिन्यातली. आपण काय बोलणार आहोत ते तिने एका रात्री दादींना दखनीत सांगून टाकलं. दादी बराच वेळ पान लावत बसल्या. मग विचारलं, ‘टायरचं पण सांगणार ना?’ सांगणार, म्हटलं. आता त्या रोज मगरिबनंतर खालांकडे येऊन दाराशी बसतात. परवा मधेच म्हणाल्या, नुसते टायर नाहीत, घंटीही मीच बसवून दिली होती, ती का सोडली? धाकटीने वाक्यात ‘अँड अ न्यू बेल’ घातलं आहे.